चेंडू कुठून आत टाकायचा?

बास्केटबॉलचा सामना पाहणाऱ्याची नजर चेंडूबरोबर रिंगकडे धावत असते. चेंडू रेषेबाहेर गेला, शिट्टी वाजली, की ही नजर जणू सुटीवर जाते. कोणी शेंगदाण्याची पुडी उघडतो, कोणी शेजाऱ्याला गुणसंख्या विचारतो. तेवढ्यात पंच हाताने दिशा दाखवतो, एक खेळाडू रेषेबाहेर उभा राहतो, पंच चेंडू त्याच्या हाती देतो आणि तो खेळाडू चेंडू आत टाकतो. या क्रियेला थ्रो-इन म्हणतात. एका सामन्यात ती इतक्या वेळा घडते की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. कारकुनी काम समजून लोक ते सोडून देतात. पण आयुष्यातली चौतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे आणि मग अधिकाऱ्याच्या खुर्चीत काढलेल्या माझ्यासारख्याला कारकुनी कामाविषयी फार आदर आहे. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा तिथेच होतो, आणि न्याय मिळायचा असेल तर तोही तिथेच मिळतो.

समुद्रपूर तालुक्यातले जाम हे नागपूरहून हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या होतात तिथले गाव. बाहेरच्या माणसाला ते चौरस्त्यावरच्या चहामुळे आणि बस बदलण्याच्या खटाटोपामुळे ठाऊक असते. या भागात खेळ म्हटला की कबड्डी, व्हॉलीबॉल आणि आता सगळीकडेच असते ते टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट. बास्केटबॉल इकडे आला तो शाळांच्या वाटेने. कुठे दोन खांब मिळाले, कुठे सिमेंटचा चौकोन झाला आणि कुणी हौशी शारीरिक शिक्षण शिक्षक भेटला, की चार-दोन वर्षे खेळ बहरतो. शिक्षकाची बदली झाली की रिंगची जाळी फाटते, ती फाटलेलीच राहते. नागपुरातल्या मुलाला क्लबात मोठ्यांचे सामने बघता बघता नियम कळतात. इकडच्या मुलाला नियम कळतो तो पंचाच्या शिट्टीतून. शिट्टी बरोबर तर नियम बरोबर. शिट्टी चुकली तर चुकीचाच नियम त्याच्या डोक्यात बसतो आणि पुढच्या वर्षी तो धाकट्यांना इमानदारीने शिकवतो.

म्हणून आज थ्रो-इनविषयी थोडे तपशिलात लिहायचे आहे. बँकेच्या नोकरीत आंतरबँक स्पर्धा असत. खेळण्याइतकी माझी उंची नव्हती आणि दमही नव्हता, पण हिशेब लिहिणारा माणूस म्हणून गुणलेखकाच्या टेबलावर मला हमखास बसवत. त्या टेबलावरून खेळ वेगळाच दिसतो. चेंडू कोणी मारला यापेक्षा तो कोणाच्या ताब्यात होता, कधी होता आणि तो ताबा कुठे संपला, हेच तिथे बघावे लागते.

हा नियम खेळाइतकाच जुना आहे. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या शिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. 1892 च्या जानेवारीत त्याचे तेरा नियम छापून आले. त्यातला नववा नियम थ्रो-इनचा. बाहेर गेलेला चेंडू आत टाकायला पाच सेकंद, त्याहून जास्त वेळ लावला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याला, ही तरतूद त्या पहिल्या दिवसापासून आहे. टोपल्या गेल्या, लोखंडी रिंगा आल्या, ड्रिबलिंग आले, तीन गुणांची रेषा आली, पण पाच सेकंद हलले नाहीत. बदलले ते एकच. चेंडू टाकण्याचा हक्क कोणाचा, याचे उत्तर नेस्मिथने फार भाबडे दिले होते: बाहेर गेलेल्या चेंडूला जो आधी हात लावील त्याचा. परिणाम व्हायचा तोच झाला. चेंडू गॅलरीत गेला की खेळाडू जिन्यावरून एकमेकांना ढकलत धावू लागले. पुढे मग शहाणपण आले आणि बाहेर जाण्यापूर्वी ज्याचा हात शेवटचा लागला त्याच्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळू लागला. धावेल त्याचा चेंडू, हा जंगलाचा न्याय होता. कोणाचे दायित्व हे आधी ठरवून मग हक्क देणे, हा कायदा झाला. आपल्याकडे हा खेळ वायएमसीएच्याच मार्गाने आला. 1920 साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो गावोगाव नेला. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीने तो असा आपलासा केला की अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार तिथून निघाला.

आता नियमाकडे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे पंच चेंडू खेळाडूच्या हाती देतो, त्याच्याकडे टाकतो किंवा टप्पा देऊन सरकवतो. चेंडू खेळाडूच्या स्वाधीन झाला, की त्या क्षणापासून पाच सेकंद सुरू. गंमत अशी की या पाच सेकंदांत खेळाचे घड्याळ बहुतेक वेळा थांबलेले असते. ते पुन्हा सुरू होते ते मैदानातल्या खेळाडूचा हात चेंडूला लागल्यावर. तोवर काळ चालतो तो फक्त पंचाच्या हाताच्या हालचालीत. फलकावर न दिसणारे हे पाच सेकंद पंच उघडपणे हाताने मोजत असतो, आणि ते सर्वांना दिसावेत अशी अपेक्षा असते. काही पंच मनातल्या मनात मोजतात. तसे करणे म्हणजे ग्राहकाला न दाखवता नोटा मोजण्यासारखे आहे. मोजणी बरोबर असली तरी विश्वास बसत नाही.

पाच सेकंद उलटले तर काय? चेंडू प्रतिस्पर्ध्याला, त्याच जागेवरून. बस्स. कोणाच्या नावावर काही लिहायचे नाही, कोणी फ्री थ्रो मारायचा नाही. इंग्रजीतले फाऊल आणि व्हायोलेशन यांतला हा फरक आपल्याकडे फार थोड्यांना उमगलेला आहे. फाऊल म्हणजे दुसऱ्याला दिलेला त्रास किंवा केलेली गैरवर्तणूक. व्हायोलेशन म्हणजे नियमभंग, त्याची किंमत फक्त चेंडूचा ताबा. धनादेशाची मुदत पूर्वी सहा महिने होती, 2012 पासून ती तीन महिने झाली. मुदत उलटलेला धनादेश आणणारा माणूस लबाड नसतो, त्याचा फक्त वेळ गेलेला असतो. काउंटरवरच्या शहाण्या कारकुनाने त्याला खडसावू नये, मुदत गेली एवढेच सांगावे. पण आमच्याकडचे काही पंच पाच सेकंद झाले की मुलांवर असे डोळे वटारतात जणू मुलाने तिजोरी फोडली.

बाकीचे नियमही थोडे नीट बघू. टाकणाऱ्याने चेंडू हातात असताना मैदानात पाय ठेवायचा नाही. टाकलेला चेंडू थेट बास्केटमध्ये जाता कामा नये. दुसऱ्या कोणाचा हात लागण्याआधी टाकणाऱ्याने स्वतः आत येऊन तो उचलायचा नाही. आणि पंचाने दाखवलेल्या जागेवरून तो बाजूला सरकू शकतो ते एकूण एक मीटरच, एका दिशेला मिळून असो की दोन्ही. मागे मात्र जागा असेल तितके जावे, त्याला अडकाठी नाही. मी पाहिलेल्या शालेय सामन्यांत टाकणारा मागे सरकला म्हणून शिट्ट्या वाजलेल्या आहेत आणि बाजूला चार पावले गेला तरी वाजलेल्या नाहीत.

या एक मीटरच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यावर चेंडू आपला होतो, तेव्हा टोकाच्या रेषेमागे कुठूनही टाकता येतो. हवे तर रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावता येते, रेषेमागेच उभ्या असलेल्या आपल्या दुसऱ्या खेळाडूला पासही देता येतो. याला इतिहास आहे. एके काळी प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मध्यावर पुन्हा उडी होत असे. अमेरिकेत 1937-38 च्या हंगामापासून ती उडी गेली आणि गुण खाल्लेल्या संघाला चेंडू सरळ मिळू लागला. इथे पंचाने कोणती जागा दाखवलेली नसते, तेव्हा जागेचे बंधनही नाही. बंधन पाच सेकंदांचे राहते, आणि ते दोघांत मिळून पाच, प्रत्येकी पाच नव्हेत. ही एवढी गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो संघ दडपणाखाली शांत राहतो. ज्याला ठाऊक नाही तो टाकणारा मुलगा खिळल्यासारखा उभा राहतो, समोरच्या दोन उंच मुलांच्या हातांकडे बघतो आणि वेळ घालवतो.

रेषेविषयी एक वेगळा परिच्छेद लिहिण्याचा मोह आवरत नाही. व्हॉलीबॉलमध्ये रेषेवर पडलेला चेंडू आत. फुटबॉलमध्ये रेषा मैदानाचाच भाग, पूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेल्याशिवाय तो बाहेर नाही. या खेळांतून आलेल्या आमच्या डोळ्यांना रेषा म्हणजे आत असे वळण पडलेले आहे. बास्केटबॉलमध्ये उलट आहे. सीमारेषा मैदानाचा भाग नाही, ती बाहेरची. म्हणून चेंडू घेऊन धावणाऱ्याचा अंगठा रेषेला नुसता टेकला तरी तो बाहेर. पण मग त्याच तर्काने, थ्रो-इन टाकणाऱ्याचा पाय रेषेवर आला तर? तो बाहेरच उभा आहे, त्यात नियमभंग नाही. रेषा ओलांडून त्याचा पाय मैदानात पडला तर शिट्टी. प्रेक्षकांतून ‘रेषेवर पाय, रेषेवर पाय’ अशी ओरड होते आणि पंच दबून शिट्टी फुंकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. एकच रेषा एकाला बाद करते आणि दुसऱ्याला वाचवते, कारण ती दोघांसाठीही बाहेरचीच आहे. नियमातला हा सरळपणा मला फार आवडतो. फुटबॉलवरून आलेला आणखी एक गैरसमज म्हणजे दोन्ही हातांनी, डोक्यावरून टाकायला हवे. बास्केटबॉलमध्ये तशी अट नाही. एका हाताने टाका, टप्पा देऊन टाका.

बचाव करणाऱ्यावरही बंधन आहे. टाकलेला चेंडू रेषा ओलांडून आत येईपर्यंत त्याने हात किंवा शरीर रेषेवरून पलीकडे न्यायचे नाही. चौथ्या डावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत तर पंच आधी खूण करून ताकीद देतो, आणि तरीही कोणी हात घातला तर तांत्रिक फाऊल मिळतो. रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा नसेल तर बचाव करणाऱ्याने टाकणाऱ्यापासून एक मीटर दूर उभे राहायचे. शहरातल्या चकचकीत सभागृहात हा नियम पुस्तकात पडून राहत असेल. आमच्या बाजूच्या मैदानांवर तो रोजचा आहे. रेषेपासून हातभर अंतरावर शाळेची भिंत, एखादे कडुनिंबाचे झाड, पावसाच्या पाण्याची नाली. टाकणाऱ्या मुलाची पाठ भिंतीला टेकलेली आणि समोर प्रतिस्पर्ध्याचे दोन हात थेट तोंडापुढे. इथे पंचाने बचाव करणाऱ्याला एक मीटर मागे घ्यायलाच हवे. तो घेत नाही, कारण टीव्हीवरच्या सामन्यात तसे कोणी मागे घेताना त्याने पाहिलेले नसते.

या फुटकळ क्रियेवर जगातला एक मोठा सामना उलटा झालेला आहे, तो वाचकांपैकी जुन्यांना आठवत असेल. 1972 चे म्युनिक ऑलिम्पिक. अंतिम सामन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ. अमेरिका तोवर ऑलिम्पिकमध्ये या खेळात एकदाही हरलेली नव्हती. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधले आणि अमेरिका 50-49 अशी पुढे गेली. आता सोव्हिएत संघाचा थ्रो-इन. तो झाला, पण एक सेकंद उरला असताना खेळ थांबवला गेला, कारण आम्ही टाइम-आऊट मागितला होता अशी तक्रार घेऊन सोव्हिएत मंडळी टेबलापाशी येऊन उभी होती. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले आणि त्यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला सांगितले. दुसरा थ्रो-इन झाला तेव्हा घड्याळ अजून नीट लागलेच नव्हते. भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडू नाचू लागले. त्यांना थांबवून तिसरा थ्रो-इन देण्यात आला. टाकणारा इव्हान एदेश्को. त्याच्यासमोर टॉम मॅकमिलेन नावाचा ताडासारखा उंच अमेरिकन खेळाडू हात पसरून उभा होता. बल्गेरियाच्या पंचाने त्याच्याकडे बघून काही खूण केली आणि मॅकमिलेन मागे सरला. एदेश्कोला समोरचे मैदान मोकळे दिसले. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो झेलला आणि रिंगेत टाकला. 51-50.

त्या खुणेचा अर्थ काय, यावर पुढे वाद चालत राहिला. अमेरिकनांना वाटले पंचाने मागे हो म्हटले, पंचाने ते नाकारले. एदेश्कोचा पाय रेषेला लागला असाही त्यांचा आक्षेप होता. आजच्या नियमाने बघितले तर केवळ रेषेला पाय लागण्यात काही नाही, हे वर आलेच आहे. पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम ठेवला. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेतो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत, ती आजतागायत पडून आहेत. राजकारण बाजूला ठेवा. मला या गोष्टीत दिसते ते असे, की टेबल, घड्याळ आणि पंच या तिघांचा मेळ एका थ्रो-इनपुरता सुटला आणि मग तो कोणालाच सांधता आला नाही. टाइम-आऊट कधी मागायचा याची मुदतही थ्रो-इनशीच बांधलेली आहे. टाकणाऱ्याच्या स्वाधीन चेंडू झाला की ती संधी गेली. खेळाडूने मैदानातून ओरडून चालत नाही, टेबलाकडे प्रशिक्षकानेच मागावे लागते.

नंतरच्या काळात या शेवटच्या क्षणांचे नियम बारीक होत गेले. 1990 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यात एक दशांश सेकंद उरलेला असताना ट्रेंट टकर नावाच्या खेळाडूने थ्रो-इनवर चेंडू घेतला, नेम धरला आणि बास्केट केली. एवढ्या वेळात हे माणसाला शक्य नाही, हे उघड होते. आता फिबाचाही नियम आहे: घड्याळात तीन दशांश सेकंद किंवा जास्त असतील तरच चेंडू पकडून फेकता येतो. त्याहून कमी असतील तर हवेतल्या हवेत थापटी मारून किंवा तिथूनच रिंगेत कोंबून गुण मिळवावा.

म्युनिकला निदान सगळे ओरडले. आमच्याकडची गोष्ट याहून मला जास्त लागते, कारण तिथे कोणी ओरडलेच नाही.

जामच्या परिसरातल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सामना होता. शाळांची नावे सांगण्यात अर्थ नाही. एक संघ सरावलेला, एकसारख्या बुटांचा. दुसरा आडवळणाच्या गावातला, त्यात दोघी-तिघींच्या पायात कापडी बूट. शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा या गावच्या मुली एका गुणाने मागे होत्या आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांचा होता. थ्रो-इनची जागा गावच्या मुली ज्या रिंगवर चढाई करत होत्या तिच्याजवळची, बाजूच्या रेषेवरची. टाकणाऱ्या मुलीने, दडपणाने म्हणा की हुशारीने, चेंडू लांब दुसऱ्या टोकाकडे भिरकावला. तो कोणाच्याही हाताला न लागता पलीकडच्या टोकाच्या रेषेबाहेर गेला. कोणाचा हात न लागल्याने घड्याळ सुरूच झाले नव्हते. सहा सेकंद तसेच.

नियम स्पष्ट आहे. थ्रो-इनचा चेंडू कोणालाही न लागता बाहेर गेला तर तो टाकणाऱ्याचा नियमभंग, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो तो मूळ थ्रो-इन जिथून झाला त्याच जागेवरून. म्हणजे गावच्या मुलींना चेंडू मिळायला हवा होता त्या रिंगच्या अगदी जवळ. सहा सेकंद, एक गुण आणि रिंग चार पावलांवर. पंचाने दिशा बरोबर दाखवली, चेंडू गावच्या मुलींचाच दिला. पण तो दिला दुसऱ्या टोकाला, जिथून बाहेर गेला तिथून. आता त्यांना अठ्ठावीस मीटरचे अख्खे मैदान कापायचे होते. घाईघाईने टाकलेला चेंडू मध्येच हिसकावला गेला आणि भोंगा वाजला. मुलींनी हस्तांदोलन केले, एकीने डोळे पुसले. त्यांच्या गुरुजींनी पाठीवर हात ठेवून ‘चांगलं खेळल्या पोरीहो’ म्हटले. सामना त्यांच्या हातून काढून घेतला गेला होता आणि हे तिथल्या कोणाला ठाऊकच नव्हते. जिंकलेल्यांनाही नव्हते, पंचालाही नव्हते.

पंच तरुण होता, एका शाळेतला शिक्षक, सरळ मनाचा. सामना संपल्यावर मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, ‘बॉल तिकडून बाहेर गेला ना जी काका, मंग तिकडूनच द्या लागन.’ या तर्कात वरवर काही वावगे नाही. एरवी चेंडू जिथून बाहेर जातो त्याच जागेवरून तो आत येतो. पण इथे चेंडू कायद्याच्या दृष्टीने मैदानात आलाच नव्हता. व्यवहार पुरा झालाच नाही, मग तो दुसऱ्या खात्यात जमा कसा होणार? ज्या खात्यातून निघाला तिथेच परत. मी हे असे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मंग त्या पोरींचं तर नुकसानच केलं मी.’ त्याने गुणपत्रक मागवून पाहिले. त्यात काय बदलणार? फिबाच्या नियमात पंचांच्या काही चुका दुरुस्त करायची तरतूद आहे, पण ती फ्री थ्रो आणि गुणांपुरती. थ्रो-इनची जागा चुकली आणि खेळ पुढे गेला, की ती चूक कायमची.

बँकेत दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. त्यांतल्या कितीतरी पैशांचे मालक जिवंत असतात, वारस शेजारच्या गावात असतात. पैसे आपले आहेत हेच त्यांना माहीत नसते. ज्याला चोरी झाल्याचे कळते तो निदान पोलीस ठाण्यात जातो. इथे जायचे कोणी? नियम न कळण्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. मोठ्या शाळेकडे अनुभवी प्रशिक्षक असतो, तो जागेवरच हात वर करतो, टेबलाकडे धावतो. कापडी बुटांच्या संघाकडे गणित आणि पी.टी. दोन्ही शिकवणारे एक गुरुजी असतात. अधिक उंची, अधिक सराव, बरे बूट या गोष्टी आपण या मुलींना उद्या देऊ शकणार नाही. नियम मात्र फुकट आहे, आणि तेवढाच तो त्यांच्यापासून लांब ठेवलेला आहे.

त्या सहा सेकंदांत मुलींकडे किती उपाय होते ते पाहा. पहिला उपाय कर्णधाराचा. चेंडू मृत आणि घड्याळ थांबलेले असताना कर्णधाराला पंचाशी सभ्यपणे बोलून माहिती विचारण्याचा अधिकार नियमानेच दिलेला आहे. ‘सर, चेंडू कोणाला लागला नव्हता, मग जागा कोणती?’ एवढा प्रश्न पुरला असता. तो तरुण पंच प्रामाणिक होता, त्याने सहकारी पंचाला विचारले असते. दुसरा उपाय गुरुजींचा. शेवटच्या दोन मिनिटांत ज्या संघाला आपल्या मागच्या अर्ध्या मैदानातून थ्रो-इन मिळणार आहे, त्या संघाने टाइम-आऊट घेतला तर चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानात, बाजूला आखलेल्या थ्रो-इनच्या रेषेवरून टाकायचा, असे प्रशिक्षक ठरवू शकतो. ही रेषा टोकाच्या रेषेपासून 8.325 मीटरवर असते. त्यांचा टाइम-आऊट शिल्लक होता. म्हणजे पंच चुकूनही ते रिंगच्या जवळ पोहोचले असते. तिसरा उपाय आक्षेपाचा. सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचाला कळवून गुणपत्रकावर त्यासाठी राखलेल्या जागी सही करायची असते. आक्षेप मान्य झाला असता की नाही, हा पुढचा भाग, पण निदान कागदावर आला असता. बँकेत मी एक शिकलो. कागदावर न आलेली तक्रार ही झालीच नाही असे समजले जाते.

कर्णधार मुलीने पंचाला प्रश्न विचारणे आपल्याकडे उद्धटपणा समजतात, विशेषतः ती मुलगी आडगावची असेल तर. ‘पंचाचा निर्णय अंतिम’ हे वाक्य आपण इतके घोकवले आहे की निर्णयापूर्वी विचारण्याची जागा असते, हे मुलांना कोणी सांगतच नाही. पंचाच्या निर्णयाचा मान राखायलाच हवा. पण माहिती विचारल्याने मान जात असेल तर तो मान मुळात फार तकलादू. महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके फिबाचा परवाना मिळवणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला पंच झाल्या. आमच्या मुलींनी त्यांच्यासारखे शिट्टी घेऊन उभे राहावे असे वाटत असेल, तर आधी शिट्टीसमोर उभे राहून एक वाक्य बोलण्याची सवय त्यांना लागायला हवी.

पंचांच्या बाजूनेही बोलायला हवे. तालुका-जिल्ह्याच्या सामन्यांत दिवसभर उन्हात सात-आठ सामने एकच जोडी करते. मानधन तुटपुंजे, पाणी वेळेवर नाही, वर दोन्हीकडच्या पालकांच्या शिव्या. तो शिक्षक रजेच्या दिवशी आलेला असतो. त्याला नियम येत नाही म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याला नियम शिकवण्याची व्यवस्था काय, हे कोणी विचारत नाही. पंचांच्या वर्गात जाड पुस्तक वाचून दाखवतात, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळते. थ्रो-इन वाचून कळत नाही, तो रेषेवर उभे राहून कळतो. पाय कुठे पडला, एक मीटर म्हणजे नेमके किती, पाच सेकंद हाताने कसे मोजायचे, न लागता गेलेल्या चेंडूची जागा कशी लक्षात ठेवायची, हे मैदानावर करून पाहायचे काम आहे.

त्या तरुण शिक्षकाने नंतर आपल्या शाळेत एक साधी गोष्ट सुरू केली. सरावाच्या सामन्यात थ्रो-इन होताच एक मुलगी खडूने त्या जागी फुली मारते, आणि चेंडू आत कोणाला लागेपर्यंत ती फुली पुसायची नाही. दिवाळीनंतरच्या हंगामाआधी आजूबाजूच्या चार शाळांच्या शिक्षकांनी एखाद्या शनिवारी अशी फुली मारून बघावी. कर्णधार मुला-मुलींनाही सोबत आणावे आणि पंचाला प्रश्न कसा विचारायचा तेही त्यांच्याकडून दोन-चारदा वदवून घ्यावे. त्यासाठी एक शिट्टी, एक मोजपट्टी, खडूचे दोन तुकडे आणि दुपारचे दोन तास लागतील.